आगाऊ ठोका

धक्-धक्. धक्-धक्. धक्-धक्. धक्.

आणि मग काहीच नाही.

शाल्मलीने नानांच्या छातीवरून कान उचलला नाही. श्वास तेवढा रोखून धरला. बाहेर एक कावळा ओरडला, वाऱ्याने खिडकीचं दार जरासं हललं, आणि तरीही तिच्या कानाखाली शांतताच होती. मग धाड्कन एक मोठा ठोका पडला. त्यामागून पुन्हा नेहमीचे ठोके, जसं काही झालंच नव्हतं. नाना दुपारच्या झोपेत मंद घोरत होते.

मधल्या वेळात नानांचं हृदय कुठे गेलं होतं?

नाना म्हणजे शाल्मलीच्या आईचे वडील. देशाची वेळ सांभाळणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. कोट्यवधी वर्षांत एक सेकंदही मागेपुढे होणार नाहीत अशी घड्याळं त्यांच्या ताब्यात असत. निवृत्त झाल्यावर ते वेंगुर्ल्याच्या टेकडीवर, समुद्र दिसेल अशा बेताने बांधलेल्या घरात येऊन राहिले. घराची कौलं ऊन पिऊन वीज करणारी होती आणि घरात एक यंत्रमानव होता. गेल्या वर्षी नानांच्या हृदयावर उपचार झाला, तेव्हापासून शाल्मलीही तिथेच राहत होती. शाळा आता बरीचशी घरूनच भरत असे. आई-बाबा पुण्याहून येऊनजाऊन असत.

यंत्रमानव रुग्णालयाने दिलेला होता. काळजीवाहक (आजारी माणसाची देखभाल करणारा) असा त्याचा हुद्दा. नाना त्याला लुडबुड्या म्हणत आणि तो त्या नावालाही ओ देई. नानांच्या छातीवर कुंकवाच्या टिकलीएवढी एक चकती चिकटवलेली होती. प्रत्येक ठोक्याची नोंद ती थेट रुग्णालयाला कळवायची आणि तिथून थोडीफार माहिती लुडबुड्याकडे यायची. औषधाची वेळ सांगणं, पाणी आणून देणं, जिन्यावर हात धरणं ही त्याची कामं. वैद्यकीय सल्ला द्यायला मात्र त्याला सक्त मनाई होती.

शाल्मली पाय न वाजवता स्वयंपाकघरात आली.

"लुडबुड्या, आत्ता काय झालं नानांना?"

"ठोका चुकला," लुडबुड्या भांडी पुसता पुसता म्हणाला.

"कशामुळे?"

"वैद्यकीय कारण सांगण्याची मला परवानगी नाही, शाल्मलीताई. भाषेतलं सांगू का?"

"भाषेतलं म्हणजे?"

"माझ्या साठ्यात मराठीतली लाखो वाक्यं आहेत. त्यांत ठोका चुकल्याची कारणं दिलेली आहेत. 'दार धाडकन आपटलं आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला.' 'पत्र वाचताच त्यांच्या काळजाचा ठोका चुकला.' 'शेवटचा चेंडू हवेत उडाला आणि साऱ्या गावाच्या काळजाचा ठोका चुकला.' भीतीने चुकतो, आनंदाने चुकतो, वाईट बातमीने तर हमखास चुकतो. थोडक्यात, जे अचानक घडतं त्याने चुकतो."

शाल्मलीने हे वाक्य स्वतःही कितीदा तरी वाचलं होतं, लिहिलंही होतं. ते इतकं खरं असेल असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

"म्हणजे अचानक काही घडलंच नाही, तर?"

"तर्काने पाहता, चुकणार नाही."

त्या दिवसापासून नानांच्या घरातून अचानक घडणारं सगळं हद्दपार झालं. शाल्मली खोलीत शिरण्याआधी दोनदा खोकू लागली. कुकरची शिट्टी होण्याआधी लुडबुड्या नानांपाशी जाऊन "शिट्टी होईल हं" असं सांगू लागला. क्रिकेटचा सामना सुरू होण्याआधीच, कालचा असेल तर, निकाल सांगून टाकू लागला. आणि आजचा असेल तर शेवटच्या षटकांत पडद्यावर एकाएकी पालेभाज्यांची माहिती लागे.

"अरे, मॅच कुठे गेली?" नाना ओरडत.

"चाकवत पचायला हलका असतो, नाना," लुडबुड्या म्हणे.

कहर झाला तो अंगणात. नाना आरामखुर्चीत वाचत बसले होते. लुडबुड्या माडाकडे बराच वेळ मान वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, थोड्याच वेळात एक नारळ पडण्याची शक्यता आहे. घाबरू नये."

"अरे मेल्या, मी इथं नारळ पडायची वाट बघत बसू?"

नारळ पडलाच नाही. पण नानांचं वाचनही झालं नाही. नात आणि यंत्र यांचं काहीतरी शिजतंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याहून एक गोष्ट त्यांना जास्त टोचत होती. पूर्वी शाल्मली धावत यायची ती थेट त्यांच्या अंगावर आदळायची. आता ती आधी खोकायची आणि मग हातभर अंतरावर बसायची.

अशातच मंगळवारी तो संदेश आला.

तरंगशाळा हे एक संशोधन जहाज होतं. दरवर्षी देशभरातल्या मोजक्या मुलांना ते वर्षभरासाठी हिंदी महासागरावर घेऊन जाई. मुलं तिथे शिकत, शास्त्रज्ञांच्या हाताखाली पाण्याचे नमुने तपासत, खोल समुद्रात सोडलेल्या यंत्रमाशांवर नजर ठेवत. शाल्मलीने तीन प्रवेशपरीक्षा दिल्या होत्या. कुणाला काही न सांगता, कारण निवड झालीच तर नानांना चकित करायचं असं तिने ठरवलं होतं. आईला तेवढं माहीत होतं.

निवड झाली होती. होकार किंवा नकार रविवारपर्यंत कळवायचा होता.

"नानांना तूच सांग," आई पडद्यावरून म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. उड्या मारतील ते!"

उड्या मारतील! आधी आनंदाने ठोका चुकणार. मग ती वर्षभर जाणार हे लक्षात आल्यावर दुःखाने चुकणार. एका बातमीत दोन ठोके. आणि मधली ती शांतता संपलीच नाही तर? ती शांतता ऐकायलाही कुणी नसेल. ती कुठेतरी समुद्रात असेल.

शनिवारी सकाळी तिने लुडबुड्याला हळूच सांगितलं, "नकाराचं पत्र तयार कर. जमणार नाही, एवढंच लिही."

आता झालं असं, की माडाच्या प्रकरणानंतर नानांनी लुडबुड्याला दम भरला होता. यापुढे जे काय सांगायचं ते मोठ्याने सांग, कानाशी येऊन कुजबुजू नकोस. लुडबुड्याने तो हुकूम घरातल्या सगळ्यांसाठी लागू करून घेतला होता. नाना अबोलीच्या वाफ्याशी वाकून तण काढत होते आणि शाल्मली पायरीवर बसली होती. तेवढ्यात लुडबुड्या दारात आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"शाल्मलीताई, तरंगशाळेला नकार तयार आहे. नानांना न कळवता पाठवू का?"

नाना सावकाश सरळ झाले.

"कसला नकार?"

शाल्मलीने मान खाली घातली. "कसलाच नाही."

"तरंगशाळा म्हणजे ते जहाज? तुझी निवड झाली?" नाना हातातली खुरपी घेऊनच पायरीपाशी आले. "आणि तू नको म्हणतेस? का गं?"

तिला आधी रडू आलं आणि मग बोलता आलं. "तुमचा ठोका चुकतो म्हणून! मी ऐकलाय. मध्येच बंद पडतं. अचानक काही झालं की चुकतो तो, सगळीकडे तसंच लिहिलंय. म्हणून आम्ही अचानक काहीच होऊ देत नव्हतो."

खोकणं, कुकर, चाकवत, नारळ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेलं असावं, कारण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. पण शाल्मलीकडे पाहिल्यावर त्यांचं हसू विरलं. ते तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"मलाच आधी सांगायला हवं होतं तुला," ते म्हणाले. "लहान आहेस, घाबरशील, म्हणून टाळलं. आणि तू पोरी, एकटीच घाबरत बसलीस."

"बरं नाही का वाटत तुम्हाला? उपचार केला ना डॉक्टरांनी?"

"केला. सांगतो. पण आधी एक गंमत करू. लुडबुड्या, तो पितळी तांब्या आण."

अंगणातल्या नळाची धार नानांनी बारीक केली. लुडबुड्याला त्यांनी तांब्या धारेखाली धरायला लावला.

"मी टाळी वाजवली, की तांब्या अबोलीत रिकामा करायचा आणि पुन्हा नळाखाली आणायचा. समजलं?"

"समजलं. मात्र हात फिरत असताना मी नवी आज्ञा घेत नाही. सांडासांडी होऊ नये म्हणून मला तसंच बनवलं आहे."

"म्हणून तर तुला घेतलाय, राजा."

नाना एका लयीत टाळ्या देऊ लागले. तांब्या पाऊण भरे, टाळी पडे, लुडबुड्याचा हात वळे, पाणी अबोलीत जाई, हात परत नळाखाली येई. टाळी, पाणी. टाळी, पाणी.

"हे झालं हृदय," नाना टाळ्या न थांबवता म्हणाले. "तांब्या म्हणजे खालचा कप्पा. त्यात रक्त भरतं आणि ठोक्यासरशी शरीरात जातं. टाळी देणारा मी. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो, तो गतिकारक (हृदयाची गती ठरवणारा). तो विजेचा इशारा देतो, तीच टाळी. आता शाल्मे, तू मध्येच वाजव. माझी टाळी पडायच्या जरा आधी."

शाल्मलीने टाळी वाजवली. लुडबुड्याचा हात लगेच वळला. पण तांब्या निम्मासुद्धा भरला नव्हता, अबोलीत जेमतेम पाणी पडलं. हात परत येत होता तेवढ्यात नानांची नेहमीची टाळी पडली.

लुडबुड्या ढिम्म.

"अरे, टाळी!" शाल्मली ओरडली.

"माझा हात फिरत होता," लुडबुड्या म्हणाला.

तांब्या नळाखाली येऊन थांबला. आता पाणी भरत होतं. पाऊण भरला. काठोकाठ आला. ओसंडायला लागला. मग नानांची पुढची टाळी पडली आणि भस्सकन एवढं पाणी अबोलीत गेलं, की शाल्मलीची दोन्ही पावलं चिंब भिजली.

ती पावलांकडे बघत राहिली.

"तो मोठा ठोका!" ती म्हणाली. "शांततेनंतर येतो तो."

"आणि शांततेत लुडबुड्या कुठे गेला होता?"

"कुठेच नाही. इथेच होता. भरत होता."

नानांनी नळ बंद केला आणि दोघं पुन्हा पायरीवर येऊन बसली. "ठोका दिल्यावर हृदयाच्या पेशींना दम खायला क्षणभर लागतो. त्याला विश्रांतिकाळ (पेशी नव्या इशाऱ्याला उत्तर देऊ शकत नाही, तेवढा वेळ) म्हणतात. तुझी मधली टाळी पडली, हात फिरला, म्हणून माझी वेळेवरची टाळी फुकट गेली. आपल्याला ऐकू येते ती शांतता. आपण म्हणतो, ठोका चुकला. पण चुकला कुठे? उलट एक ठोका लवकर आला."

"लवकर आलेला ऐकूच आला नाही मला."

"कसा येणार? निम्म्या तांब्याचा आवाज तो केवढा."

शाल्मलीने ओले पाय झटकले. "मग भाषेत चुकीचं आहे. ठोका चुकत नाही. तो... तो आगाऊ आहे!"

नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर! गाडीचं तिकीट आगाऊ काढतात, तसा वेळेआधी आलेला. आणि बाईंनी विचारायच्या आधी उत्तर ओरडणाऱ्या एका मुलीसारखा आगाऊ."

"मी हल्ली हात वर करते!"

"करतेस, आणि त्याच वेळी ओरडतेसही."

"पण मध्येच टाळी कोण वाजवतं, नाना? तुमच्या हृदयात मी तर नाहीये."

"ते तुला काय ठाऊक," नाना म्हणाले. मग सावरून सांगू लागले. "हृदयाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीला थोडीफार टाळी वाजवता येते. बहुतेक जणी गप्प राहून वरच्याचं ऐकतात. माझ्या खालच्या कप्प्यात काही पेशींनी ऐकायचं सोडलं. मागच्या वर्षी तर त्यांनी इतका गोंधळ घातला, की हृदय थकायला लागलं. जिना चढून आलो की धाप लागायची. म्हणून अ‍ॅब्लेशन केलं. मांडीच्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत नेतात, टाळ्या वाजवणारी जागा शोधतात आणि तिला चटका देऊन गप्प करतात."

"मग सगळ्यांना का नाही दिला चटका?"

"दिला असता. पण त्यांतल्या काही पेशी अशा ठिकाणी आहेत, की अगदी लागूनच हृदयाला रक्त देणारी धमनी (शुद्ध रक्त वाहून नेणारी नलिका) जाते. तिला इजा झाली असती तर भलतंच झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी हात आवरला. गोंधळ बराच कमी झाला, हृदयाची ताकद परत आली. थोडे आगाऊ राहिले. ते राहणार."

"नेहमी?"

"बहुधा नेहमी."

जाईल, बरं होईल, असं काहीतरी नाना म्हणतील अशी शाल्मलीची अपेक्षा होती.

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

नानांनी खुरपीवरची माती अंगठ्याने खरवडली. "वाटली. फार वाटली. मी घड्याळाचा माणूस. सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक मला खपायची नाही. आणि माझ्याच छातीत हे असं. दिवसभर मनगटावर बोट ठेवून बसायचो. आला, गेला, चुकला. समोर समुद्र असायचा आणि मी नाडी मोजत असायचो. मग डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, 'नाना, निरोगी हृदयसुद्धा घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना जरा घाई करतं, सोडताना जरा रेंगाळतं. घड्याळाइतकं नेमकं चालणारं हृदय पाहिलं, तर मलाच काळजी वाटेल.' मला हे माहीतच नव्हतं, शाल्मे. इतकी वर्षं छातीत घेऊन फिरलो."

"आणि आता?"

"आता ते येतात. डाव्या कुशीवर निजलो की जास्त जाणवतात. मी म्हणतो, या. चक्कर आली, छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र थांबायचं नाही, लगेच कळवायचं. ते लुडबुड्याला माहीत आहे, तुझ्या आईला माहीत आहे आणि आता तुलाही."

शाल्मलीने बराच वेळ मनात धरलेला प्रश्न विचारला. तोही अंगणाकडे बघत. "नाना, एखाद्या दिवशी ते थांबणार का?"

"थांबणार," नाना म्हणाले. "सगळ्यांचं थांबतं. तुझ्या आजीचं थांबलं तेव्हा मी शेजारीच होतो. कुणी शेजारी बसल्याने ते चालू राहत असतं ना, तर मी तिथून उठलोच नसतो." त्यांनी खुरपी बाजूला ठेवली. "पण या आगाऊ ठोक्यांनी माझं थांबेल असं डॉक्टरांना वाटत नाही. आणि तू जहाजावर गेल्याने तर नाहीच नाही. तू घरी राहून पहारा दिलास तरी ते त्याच्याच लयीत चालणार. मग तू समुद्रच का बघू नयेस?"

लुडबुड्या तांब्या हातात धरून उभाच होता. "नकार पाठवू का?" त्याने विचारलं.

"थांब," शाल्मली म्हणाली. ती उठली. "नाना, मला तुम्हाला नीट सांगायचंय. तुम्हाला काही माहीत नाही असं समजा."

"समजलो." नानांनी कोरा चेहरा केला.

"नुसता चेहरा करून चालायचं नाही, खरंच विसरा."

"विसरलो गं बाई! कोण तू?"

ती अंगणाच्या फाटकापर्यंत गेली. तिथून वळली आणि न खोकता, न थांबता धावत सुटली. धावता धावताच ओरडली, "नानाऽऽ, माझी तरंगशाळेत निवड झाली!" आणि पूर्वीसारखी त्यांच्या अंगावर आदळली.

नाना मागे कलंडता कलंडता वाचले. त्यांनी तिला घट्ट धरलं. तिचा कान त्यांच्या छातीवर आला. आत धावपळ चालली होती. धक्-धक्-धक्-धक्-धक्, भरभर, एकामागून एक. ती पुढच्या शांततेसाठी कान देऊन राहिली. शांतता आलीच नाही.

"चमत्कारिक आहे," लुडबुड्या म्हणाला. "छातीवरच्या चकतीच्या नोंदीप्रमाणे नानांच्या हृदयाची गती वाढली आहे आणि आगाऊ ठोके थांबले आहेत. अचानक आनंद झालेला असताना. माझ्याकडची लाखो वाक्यं याच्या विरुद्ध आहेत."

"माझ्या हृदयाची अशी खोड आहे," नाना धापा टाकत आणि हसत म्हणाले. "वरचा टाळीवाला जोरात वाजवायला लागला, की मधल्यांना फटच मिळत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला चालत्या पट्ट्यावर पळवून बघितलंय. माझ्या बाबतीत हे चांगलं लक्षण आहे म्हणाल्या. सगळ्यांचं असंच असेल असं नाही हं."

"मग भाषेचा साठा दुरुस्त करू का?"

"भाषेला हात लावू नकोस, बाबा. लोकांना लागते ती. तू तुझ्यापुरतं लक्षात ठेव."

होकार शाल्मलीने स्वतः लिहून पाठवला. मग दोघांनी मिळून आईला फोन लावला. पडद्यावर आई आली. तिने आधी शाल्मलीचा चेहरा पाहिला आणि मग तिच्या मागे उभ्या असलेल्या नानांचा.

"सांगितलं तिने," नाना म्हणाले. "माझं ते ठोक्यांचंही मी तिला सांगितलं. सगळं."

आई काही बोलली नाही.

पडदा अडकला की काय असं लुडबुड्याला वाटलं. तो जोडणी तपासायला पुढे सरसावला. शाल्मलीने त्याचा हात धरला. पडदा अडकला नव्हता. आईच्या मागे पंखा फिरत होता. शाल्मली थांबली. तिने काही विचारलं नाही, घाईही केली नाही.

आणि मग आई बोलायला लागली. उबदार कपडे किती घ्यायचे, बोट लागते तुला, आल्याच्या वड्या मी करून देते, दर रविवारी नानांना फोन करायचा म्हणजे करायचाच, आणि नाना, ती गेल्यावर मी महिनाभर तिकडे येऊन राहणार आहे, नाही म्हणायचं नाही. ती बोलत राहिली, हसत राहिली, डोळे पुसत राहिली, अगदी भरभरून.